क्वाकवाला हळदीकुंकू

आमच्या सोसायटीचं नाव गोदातीर, आणि पाणी यायचं टँकरनं. आम्ही फ्लॅटसाठी नाव नोंदवलं तेव्हा या भागाला पप्पनकलां म्हणत आणि ते नाव त्याला शोभूनही दिसे. पुढे कुणाला तरी वाटलं, पप्पनकलांमध्ये राहतो म्हटलं तर पोरांची लग्नं जमायची नाहीत. म्हणून द्वारका झालं. कृष्णाच्या द्वारकेला निदान समुद्र तरी होता. आमच्याकडे धूळ होती, अर्ध्या उभ्या इमारती होत्या आणि त्यांच्या डोक्यावर गंजत पडलेल्या सळया होत्या. पण घर स्वतःचं होतं. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला स्वतःच्या भिंतीत कुणाला न विचारता खिळा ठोकण्याचं सुख काय असतं, ते ज्यानं ठोकला त्यालाच कळतं.

मी सुरेखा. शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचं सगळंच चुकतं असं नाही. समोरच्या दारात नीला. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्येही आम्ही एकाच जिन्यावर समोरासमोर होतो. तिचा नवरा हरीश मंत्रालयात अवर सचिव, माझे यजमान श्रीपाद रेल्वे बोर्डात. द्वारकेला यायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघींनी हट्ट धरला की फ्लॅट घेऊ तर समोरासमोर, नाहीतर नकोच. नवऱ्यांनी कुठं कुठं जाऊन कुणाकुणाला चहा पाजला ते त्यांनाच ठाऊक, पण घरं मिळाली. मिळाली, आणि दीडच वर्षात हे गेले.

ते गेल्यावरची पहिली संक्रांत सुतकासारखीच गेली, तेव्हा कुणी बोलवायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो दुसऱ्या वर्षी. दोन हजार साल उजाडलं होतं. जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून वरच्या मजल्यावरचा विक्रांत एकतीस डिसेंबरला गुडगावच्या ऑफिसात ठाण मांडून बसला होता. काही बंद पडलं नाही. संक्रांत आली, आणि तिथून रथसप्तमीपर्यंत गोदातीरमध्ये रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू सुरू झालं.

आता गोदातीरमधल्या बायका सगळ्या शिकलेल्या. विधवेला हळदीकुंकवाला बोलवू नये असं त्यांच्यातल्या एकीचंही मत नव्हतं. फक्त बोलवत कुणी नव्हतं. मला बाकीच्यांचं सोयरसुतक नव्हतं, गेल्या उडत. नीला बोलवते का, एवढंच मला बघायचं होतं. सरोजिनी नगरात तिच्या प्रत्येक हळदीकुंकवाचे लाडू मी वळले होते आणि माझ्या प्रत्येक हळदीकुंकवाला दारात करंडा घेऊन ती उभी राहिली होती. ती बोलवेल अशी माझी खात्री होती. खात्री होती म्हणूनच तोंड उघडून विचारलं नाही.

त्या वर्षीच्या सगळ्या गोंधळाला सुरुवात झाली ती माझ्याच जेवणाच्या टेबलावर.

माझ्या मावसबहिणीची मुलगी तेजश्री मुनिरक्याला खोली घेऊन राहायची. आजूबाजूची सगळी पोरं यूपीएससीसाठी रट्टा मारत होती आणि ही बया पीएचडी करत होती, ती कुणावर, तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या एका समाजावर. कॅनडा तिनं नकाशातच पाहिला होता. तिची धाव लायब्ररीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची आणि आमटीचे ओघळ चुकवत ते कागद टेबलभर पसरायची.

त्या रविवारी मोठं पातेलं मागायला हेमलताबाई आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. बरोबर विक्रांतची बायको रेवती. पाठोपाठ नीलाही आली, ती तर दिवसातून दहा वेळा यायची. पातेलं राहिलं बाजूला आणि तिघी कागदांवर वाकल्या.

"हे काय गं?" हेमलताबाईंनी विचारलं.

"क्वाक्वकवाक्व," तेजश्री म्हणाली.

"काय झालं?"

"लोकांचं नाव आहे काकू. म्हणजे क्वाकवाला बोलणारे."

"क्वाकवाला?" हेमलताबाईंच्या कपाळावर आठी पडली. "भाजीवाला, कबाडीवाला, तसा?"

"नाही हो, भाषा आहे ती. भाषेचं नावच क्वाकवाला."

"मग शब्द आपल्याकडूनच गेला असणार," हेमलताबाईंनी निकाल दिला. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडून गेली होती, परत मात्र एकही आली नव्हती.

तेजश्रीनं एकेक चित्र दाखवलं. देवदारासारख्या झाडाच्या खोडातून कोरलेला मुखवटा, दोरी ओढली की चोच दुभंगते आणि आतून माणसाचा चेहरा निघतो. मी म्हटलं, आमच्या मंडळात दोरी न ओढताच निघतात. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. एकच फळी वाफेवर वाकवून तिचे चार कोपरे केलेली पेटी होती. झाडाच्या सालीच्या आणि मुळांच्या टोपल्या होत्या, काही म्हणे इतक्या घट्ट विणीच्या की त्यांत पाणी राहावं. नीला त्या टोपल्यांवरून बोट फिरवत राहिली. आणि शेवटी तांब्याचा एक ठोकलेला पत्रा, ढालीच्या आकाराचा, वर पसरट, खाली निमुळता, पुरुषभर नाही पण पोराएवढा सहज.

"हा कशाला वापरतात?" रेवतीनं विचारलं.

"वापरत नाहीत. तेच तर. त्याला स्वतःचं नाव असतं, माणसासारखं. एकाचं नाव होतं 'घर रिकामं करणारा'. हा त्यांच्या पॉटलॅचमध्ये लागतो."

"पॉटलक! आमच्या ऑफिसच्या लेडीज करतात ना, आपापला डबा आणायचा."

"उलट आहे. पॉटलॅचमध्ये यजमान देतो. सगळं देतो. घोंगड्या, पेट्या, भांडी. जो साठवतो तो मोठा नाही, जो वाटून टाकतो तो मोठा."

"अगं, मग हे आपलं वाण लुटणंच झालं की," नीला म्हणाली.

तेजश्रीचा घास हातातच राहिला. "लुटणं?"

"वाण देतात असं कुठं म्हणतो आपण? लुटतात म्हणतो. संक्रांतीचं वाण लुटलं, असं."

तेजश्रीला आनंदाचं भरतं आलं. ती भरभर सांगत सुटली. तिथला एक सरदार म्हणे भर सभेत आपल्या तांब्याचा तुकडा तोडतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. त्यानं तेवढा, किंवा त्याहून मोठा तुकडा तोडून दाखवला नाही तर त्याची अब्रू गेली. घेतलेलं परत करणं म्हणजे आणखी लाज. आणि ज्याचं घेतलं त्याला आपल्या समारंभाला बोलवावंच लागतं. सरकारनं या देण्यावर कितीतरी वर्षं बंदी घातली होती, मुखवटे आणि तांबं जप्त केलं होतं. वाटून टाकणारा माणूस श्रीमंत कसा, हे बहुधा त्या सरकारच्या हिशेबात बसेना.

बंदी वगैरे कुणी ऐकलंच नाही. हेमलताबाईंच्या कानात एकच शब्द शिरला होता, अब्रू. रेवतीच्या डोळ्यांत तर तेज चढलं. दोघी पातेलं न घेताच गेल्या.

एरवी गोदातीरचं वाण म्हणजे साबणाची डबी, चहाची गाळणी, फार झालं तर प्लॅस्टिकचा डबा. त्या आठवड्यात हेमलताबाईंनी प्रत्येकीला झाकणाचा स्टीलचा डबा दिला. वाटताना म्हणाल्या, "घ्या, संकोच नको. फेडायची घाई नाही." बायकांना पहिल्यांदा कळलं की हे फेडायचं असतं.

रेवतीनं कॅसरोल दिले, गुलाबी फुलांचे. शिवाय हॉलमध्ये तेजश्रीच्या चित्रांतल्यासारखा थर्मोकोलचा उंच खांब, त्यावर एकावर एक डोळे वटारलेले चेहरे. गणपतीची मखरं करणाऱ्यानं केला होता, त्यामुळे सगळ्यात वरचा चेहरा नकळत मोदक खाणारा झाला होता. कीर्तीनगरच्या सुताराकडून तिनं डोमकावळ्याचा मुखवटाही कोरून घेतला होता. तो सुतार जन्मभर सोफ्यांचे पाय कोरत आलेला, म्हणून कावळ्याला वाघाचे पंजे होते. दोरी ओढली की चोच उघडायची आणि आत माणसाचा चेहरा असायला हवा तिथं रेवतीनं आरसा बसवला होता. बायका रांग लावून दोरी ओढत होत्या आणि केस सारखे करत होत्या.

हे मी पाहिलं नाही. नीलानं येऊन सांगितलं. मला दिसायचं ते दाराच्या भिंगातून. त्या भिंगातून बाई आधी नाक होऊन येते, मग बाकीची. एकेक नाक हातात कॅसरोल घेऊन जिना उतरत होतं.

मग गोष्टी हाताबाहेर गेल्या. मागच्या ब्लॉकमधल्या एकीनं नॉनस्टिक तवे लुटले. दुसरीनं थर्मास. हेमलताबाईंनी पुन्हा हळदीकुंकू काढलं. दोनदा कुठं करतात म्हणून कुणी कुजबुजलं तर म्हणाल्या, आधीचं मंडळाचं, हे घरचं. विजेच्या किटल्या दिल्या त्यांनी. घरोघरी कॅसरोलांची उतरंड झाली आणि पोळ्या होत्या तेवढ्याच. नवरे लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघेनात. एक जण तर आजारी आईला बघायचं निमित्त करून नागपूरला निघून गेला. तेजश्री मुनिरक्याहून दर दोन दिवसांनी यायची, सगळं विचारून घ्यायची आणि खुश होऊन परत जायची.

अशात नीलाची पाळी आली. किटलीच्या वर काय द्यायचं? हरीशनं आपल्या सरकारी आवाजात सांगितलं होतं की या बाबीवर खर्च मंजूर होणार नाही. नीला रडकुंडीला आली. मग तिला त्या चित्रातल्या टोपल्या आठवल्या. आम्ही दोघी बसनं सरोजिनी नगरला गेलो, जुन्या क्वार्टरवरून मुद्दाम एक चक्कर मारली, आणि बाजारातून विणीच्या टोपल्या घेऊन आलो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या होत्या, हिरव्या-पिवळ्या. बसमध्ये दोघींच्या मांडीवर टोपल्यांचा ढीग, कंडक्टर म्हणाला, "आंटी, दुकान खोल रही हो क्या?" आम्ही इतक्या हसलो की स्टॉप चुकला. कितीतरी महिन्यांनी मी अशी हसले होते. मला वाटलं, आता सांगेल. आता म्हणेल, उद्या चारला ये गं, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी माझ्या स्वयंपाकघरात तिळगूळ वळले. नीलाच्या सासूबाई येऊन चव घेऊन गेल्या, एकदा नाही, तीनदा. दुपारी मी केस विंचरले. साधीच पण बरी साडी काढली. चार वाजता नीला लाडवांचं ताट न्यायला आली, माझ्या साडीकडे तिनं पाहिलं, आणि म्हणाली, "दमली असशील ना सकाळपासून? जरा पड आता."

आणि तिनं आपलं दार लावून घेतलं. तिचं दार मला दिवसा कधी लागत नसे.

मी पडले नाही. भिंगाला डोळा लावून उभी राहिले. नाकं आली, नाकं गेली. जाताना रेवती टोपली बोटावर फिरवत म्हणाली, "क्यूट आहे, लाँड्रीला होईल." हेमलताबाईंनी तर जिन्यातच आपली टोपली दुसरीच्या टोपलीत घातली. नीलाची अब्रू गेली म्हणून वाईट वाटत होतं आणि बरी खोड मोडली असंही वाटत होतं, आणि दोन्ही खरं होतं.

दिवेलागणीला नीला आली. हातात टोपली, टोपलीत माझेच दोन लाडू.

"तुझं वाण गं."

"आणि कुंकू?" मी विचारलं.

ती खाली बघायला लागली. "सासूबाई आहेत ना घरात. मला काही नाही गं त्याचं, तुला ठाऊक आहे."

"सासूबाईंना माझे लाडू चालले."

"लाडवांचं वेगळं असतं."

"माझ्या हाताला काही झालेलं नाही नीला, कपाळालाच झालंय, असं म्हण ना मग."

"अगं, काय बोलतेस हे?"

"असं चोरून आणलेलं वाण मला नको. घेऊन जा."

ती टोपली तिथंच ठेवून गेली. मी ती आत घेतली नाही, तिनंही परत नेली नाही. दोन दिवस ती टोपली दोन दारांच्या मध्ये बसून होती. तिसऱ्या दिवशी झाडूवालीनं नेली. आमचं बोलणं बंद झालं ते तिथं. इतक्या वर्षांत आम्ही भांडलो नव्हतो असं नाही, पण गप्प कधी झालो नव्हतो. घर खायला उठलं.

पुढच्या रविवारी तेजश्री आली ती चेहरा पाडून.

"मावशी, मी त्या काकूंना अर्धंच सांगितलं."

"पीएचडीवाले अर्धंच सांगतात. पूर्ण सांगितलं तर पदवी कुणी देईल?"

"ऐक ना. मी जुनी पुस्तकं वाचली होती, बाहेरच्यांनी लिहिलेली. त्यांना सगळीकडे चढाओढच दिसली. आता त्यांच्यातल्या माणसांचं वाचतेय. ते म्हणतात, कुणाचं लग्न होतं, कुणाला नाव मिळतं, कुणी गेलेलं असतं त्याचं दुःख करायचं असतं, तेव्हा पाहुणे बोलवतात. पाहुणे नुसते जेवायला नसतात, साक्षीला असतात. आणि जे देतात ते त्या साक्षीचं मोल. एकदा घेतलं की पुढं कुणीही विचारलं तर सांगावं लागतं, मी होते, मी पाहिलं. नाही म्हणता येत नाही."

मी वाटी खाली ठेवली. "घेतलं की नाही म्हणता येत नाही?"

"नाही."

मी उठून बाल्कनीत गेले. तिथं आमचा तांब्याचा बंब होता. माझ्या सासूबाईंचा, नाशिकचा. हे तो गाडीतून मांडीवर घेतल्यासारखा सांभाळत दिल्लीला घेऊन आले होते. सरोजिनी नगरच्या थंडीत आमची आणि नीलाकडची, दोन्ही घरांची आंघोळ त्या एका बंबावर व्हायची. द्वारकेला गिझर आला आणि बंब बाल्कनीत गेला. तरी दिवाळीला हे चिंच-मीठ घेऊन त्याला घासत बसायचे आणि मग मला हाक मारून त्यात आपलं तोंड दाखवायचे. त्या बंबावर माझा जीव होता. तेवढा जीव होता म्हणूनच मला तोच हवा होता. फुकटचं देऊन साक्ष मिळत नाही, एवढं मला त्या लोकांचं कळलं होतं.

पालम गावात भांड्यांना डाग देणारा एक ठठेरा बसायचा. त्यानं बंब उलटासुलटा करून पाहिला. "बहनजी, अच्छा-भला माल है, क्यों कटवा रही हो?"

"बाँटना है."

"बाँटना है तो लड्डू बाँटो."

"लड्डू बाँट के देख लिया, भैया."

त्यानं छिन्नी लावली. पहिल्या घावाला मी डोळे मिटले, मग उघडेच ठेवले. तळहाताएवढे तुकडे करून घेतले आणि घरी येऊन एकेक चिंचेनं घासला. तेजश्री शेजारी बसून पुसत होती. ती रडत होती. मी नाही रडले, माझ्या हाताला काम होतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मी नोटीस बोर्डावर लिहिलं: उद्या संध्याकाळी सुरेखाकडे हळदीकुंकू, सर्व भगिनींनी यावे, वाण तांब्याचे. खाली फ्लॅटचा नंबर. गोदातीरमध्ये खळबळ उडाली. हळदीकुंकू, आणि सुरेखाकडे? हे कसं? जावं की नाही? पण किटलीवर अजून कुणी गेलं नव्हतं आणि बोर्डावर तांबं म्हटलं होतं. कुणी म्हणे ताम्हण आहे, कुणी म्हणे पाण्याचा जग. तांबं पोटाला चांगलं, असंही एकीला आठवलं. शेवटी आपण पुढारलेल्या आहोत आणि गेलंच पाहिजे, असं ठरलं.

सगळ्या आल्या. हॉल भरला. दाराजवळ मी करंडा घेऊन उभी होते आणि समोर परातीत तांब्याचे तुकडे. फक्त नीला आली नव्हती. तिचं दार लावलेलं होतं.

"काकू, मी टिकलीच लावते हं," रेवती म्हणाली. "कुंकवानं स्किनला रॅश येते." तिनं तांब्याचा तुकडा उचलला, वजन पाहिलं आणि बाजूला झाली.

"मी आत्ताच देवाजवळ लावून आलेय," हेमलताबाई म्हणाल्या. "एकावर एक कशाला?" त्यांनी परातीतला मोठा तुकडा शोधून घेतला.

एकीला घाम आला होता, कुंकू ओघळलं असतं. एकीला मुलाला क्लासवरून आणायचं होतं, तशा घाईतही ती तुकडा घ्यायला विसरली नाही. एक म्हणाली, "तांबं कसं, शुद्धच असतं ना, त्याला काही विटाळ नाही." वीसेक बायका माझ्यासमोरून गेल्या. परात रिकामी होत आली आणि करंड्यातल्या कुंकवाला कुणाच्या कपाळाचा स्पर्श झाला नाही. मला अपमान वाटला नाही म्हणाले तर खोटं होईल. पण शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला वर्ग पूर्ण बसेपर्यंत थांबायची सवय असते.

"सगळ्यांना मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं, मिळालं."

"मग त्या दिवशी तेजश्रीनं सांगायचं राहिलेलं अर्धं आता ऐका. त्या लोकांत जो घेतो तो साक्षीदार होतो. आज सुरेखानं तिच्या घरी हळदीकुंकू केलं, आम्ही गेलो, तिच्या हातून घेतलं, हे आता तुम्हाला कुणीही विचारलं तरी सांगावं लागेल. गावाकडच्या सासूबाईंनी विचारलं तरी. आणि पुढच्या वर्षी मला बोलवावं लागेल. घेतलेल्याला पर्याय नसतो."

हेमलताबाईंनी तुकडा परातीत ठेवायला हात पुढे केला.

"परत नाही करता येत, हेमलताताई," रेवती घाईघाईनं म्हणाली. नियम तिनं तोंडपाठ केले होते. "परत करणं म्हणजे सगळ्यात मोठी लाज."

हेमलताबाईंचा हात मध्येच थांबला. कुणी पदराखाली तुकडा लपवला, कुणी पर्समध्ये टाकला, पण खाली कुणी ठेवला नाही. बाहेरही कुणी पडेना, कारण पहिली कोण जाते त्याची नोंद होणार होती.

तेवढ्यात नीला आली. घरच्याच साडीवर, केसही न विंचरता. तिला पाहून बायकांनी वाट करून दिली. परातीत शेवटचा तुकडा उरला होता. मी तो तिच्यासाठीच मागे ठेवला होता, मान्य करते. मी तो उचलून पुढे केला.

नीलानं हात मागे बांधले. "नको."

इतका वेळ ज्या बायकांशी मी लढत होते त्यांच्याकडून मला काहीच नको होतं. जिच्याकडून हवं होतं ती नको म्हणत होती.

"घे गं," मी म्हटलं.

"नाही घेणार. ते घेतलं तर पुढच्या वर्षी तुला बोलवेन ते फेडायला बोलवलं असं होईल. मला तुझं काही फेडायचं नाही." तिनं माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "हा बंब कापलास सुरेखा? आपला बंब? भावजींचा?"

"तुझ्या घरात मला जागा नव्हती म्हणून कापला."

"माझं चुकलं. सासूबाईंचं नाव पुढं केलं मी. भीती माझीच होती, यांना काही होईल ही. मूर्ख बाई आहे मी." आणि तिनं सगळ्यांसमोर कपाळ पुढे केलं. "लाव."

मी करंड्यात बोट घातलं. दीड वर्ष त्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. निम्मं तिच्या नाकावरच सांडलं. ती रडतारडता म्हणाली, "नीट लाव की, सोंग दिसेन." मी पुन्हा लावलं, ठसठशीत. मला आता रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

मग तिनं माझ्या हातातला करंडा घेतला. मागून कुणीतरी "अगं नीला" म्हटलं. बहुधा हेमलताबाईच. नीलानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं बोट भरून घेतलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं, आणि लगेच काढलं नाही, तसंच दाबून धरलं. समोर वीसेक बायका हातात आमच्या बंबाचे तुकडे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीलाही आता मी पाहिलं नाही म्हणायची सोय उरली नव्हती.